फळीचं तोंड मुंबईकडे

कमळाकरला यातून काय मिळणार होतं ते आधी मांडून घेतलेलं बरं. पहिलं, नावाच्या आधी एक अक्षर आणि एक टिंब. घणसोलीत त्यांच्या आळीत नावाच्या आधी आजवर काही लागलंच असेल तर ते ‘कै.’, आणि तेही दहाव्याच्या कार्डावर. दुसरं, तुर्भ्याच्या कारखान्यातलं स्टूल सुटणार होतं. त्या स्टुलावर बसून तो पोलिसांकडे जाणारे वायरलेस सेट तपासायचा. तो इकडून ‘एक, दोन, तीन’ म्हणायचा आणि पलीकडच्या खोलीतून दत्तू ‘तीन, दोन, एक’ म्हणायचा, आणि हे इतकी वर्षं चाललं होतं की घरी कुणी हाक मारली तरी कमळाकरच्या तोंडात आधी आकडे यायचे. तिसरं, खाडीपलीकडच्या मोठ्या संस्थेत पूर्ण वेळ संशोधकाची जागा, शिष्यवृत्ती, ग्रंथालय, आणि ज्यांच्याशी बोलताना दर वाक्यानंतर ‘म्हणजे असं बघा’ म्हणावं लागत नाही अशी माणसं. चौथा फायदा त्यानं अर्जात लिहिला नव्हता आणि सगुणाला, म्हणजे बायकोलाही सांगितला नव्हता. तिथं गेल्यावर त्याला कुणी टीव्हीचा अँटेना फिरवायला बोलावणार नव्हतं.

खरं सांगायचं तर हा चौथा फायदाच बाकीच्या तिन्हींना पुरून उरला असता. वाशीतल्या त्यांच्या सोसायटीत एशियाडच्या साली तीन टीव्ही होते. पंच्याऐंशीच्या मे महिन्यात टीव्ही नसलेली बिऱ्हाडं शोधावी लागत. गच्चीवर अँटेनांचं रान माजलं होतं आणि झाडून सगळ्यांची तोंडं खाडीपार मुंबईकडे, वरळीच्या मनोऱ्याकडे. वारा सुटला, कावळा बसला, कुणी चादर वाळत घातली, की खाली चित्र फाटायचं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मालतीबाई जिन्यात येऊन हाक द्यायच्या, की कमळाकरभाऊ, जरा वरती जाता का, आमच्यात परत मुंग्या आल्या. मग हा गच्चीवर लोखंडी पाइपला मिठी मारून उभा, खाली दिवाणखान्यात मालतीबाईंचे यजमान पडद्यासमोर, आणि मधे खिडकीतून अर्ध्या बाहेर आलेल्या मालतीबाई निरोप्या. आलं. आलं. गेलं. होतं तिथं न्या. ‘होतं तिथं’ हे ठिकाण पृथ्वीवर कुठं आहे ते कमळाकरला कधी सापडलं नाही. चित्र आलं की मालतीबाई खिडकी लावून घ्यायच्या, वर माणूस आहे हे विसरून, आणि तो पाइप धरून आणखी थोडा वेळ तसाच उभा राहायचा, सोडला की जाईल या धास्तीनं. चूक मुळात त्याचीच होती. सोसायटीच्या पहिल्याच मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, तुम्ही शिकलात कशात? संध्याकाळचे वर्ग करून त्यानं एम.ई. नुकतंच केलं होतं आणि छाती जरा फुगलेली होती. अँटेनामध्ये, तो म्हणाला. त्या एका शब्दाचं व्याज तो आजवर भरत होता.

आता मात्र त्याला डॉक्टरेट करायची होती, आणि तीही जुळवून घेणाऱ्या अँटेनांत. हे काय असतं ते त्यानं इतक्या जणांना इतक्या वेळा समजावलं होतं की दर वेळी त्यातलं काहीतरी गळून पडे, आणि आता त्याचं त्यालाच ते पोरकट वाटू लागलं होतं. एक फळी. तिच्यावर हातहात अंतरानं चार सळ्या. चौघींच्या चार तारा एका खोक्यात. हवेत दहा दिशांनी दहा आवाज येत असतात. खोक्याला एकदाच सांगून ठेवायचं, की आपलं माणूस फळीच्या बरोब्बर समोर आहे, त्याला हात लावायचा नाही, बाकी जो कुणी मोठ्यानं बोलेल त्याच्या बाजूचा कान बंद कर. सळ्या जागच्या हलत नाहीत. हलतो तो कान, आतल्या आत, विजेवर. हे सेक्रेटरी भगवानरावांनी मान डोलावत ऐकून घेतलं होतं. भगवानराव संगमेश्वराकडच्या बौद्धवाडीतले, मंत्रालयात कारकून, आणि कुठल्याही कागदाची आणि माणसाची कदर करणारे. आपल्या समाजातला पोरगा शिकतो तेव्हा जसं त्यांना भरून यायचं तसंच कमळाकरच्या बाबतीतही भरून आलं आणि ते म्हणाले, म्हणजे हात न लावता फिरणारा अँटेना, फार मोठी सोय होईल बघा सोसायटीची. कमळाकर हसला. तो असा हसला की समोरच्याला वाटावं, पटलं याला. सगुणा म्हणाली होती ते त्याहून वाईट होतं. ती तिथल्याच शाळेत दुसरीच्या वर्गावर. तो तिला म्हणाला, असं बघ, तुझ्या वर्गात साठ पोरं एकदम ओरडतात आणि त्यातून तुला एकीचंच ऐकायचंय. “मला जमतं की ते,” ती म्हणाली, “खोक्याशिवाय.” आणि भाजीला फोडणी दिली.

त्याला त्या वेळी वैताग आला तो फोडणीच्या आवाजाचा आला असं त्यानं ठरवलं. पण तो जुना होता. लहानपणी घणसोलीत खाडीच्या बांधावर पोरं खेळायची, आणि दिवेलागणीला गावातून आया हाका मारायच्या, सगळ्या एकदम, वाऱ्यावर, कुणाचं नाव कुठं तुटलेलं, कुणाचं अर्धंच पोचलेलं. त्या कालव्यातून दर पोराला आपल्या आईची हाक तेवढी बरोब्बर कळायची. कुणाला खोकं लागलं नाही. कमळाकरला मात्र कळूनही तो जायचा नाही. आणखी एक हाक येऊ दे, मग जाऊ. हे त्याला आता आठवायचं कारण नव्हतं. बांध राहिला नव्हता, शेत गेलं, मिठागर गेलं, नव्या शहराच्या नकाशात त्या जागेवर नुसता एक आकडा होता, आणि आई गेली त्याला सहा वर्षं झाली होती. उरले होते वडील, देवजी, गावठाणातल्या घराच्या गच्चीवर खुर्ची टाकून बसलेले. कुणाची किती जमीन गेली, कुणाला किती मिळाले, कुणी त्याचं काय केलं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. ऐकायला माणूस तेवढं मिळत नसे. कमळाकर महिन्यातून एका रविवारी जायचा. वडील बोलायचे, तो हूं हूं म्हणायचा, आणि मनात चार सळ्यांची गणितं करायचा. हे त्याला फार चांगलं जमायचं. हूंची जागा त्याची कधी चुकली नाही.

सगुणाचं म्हणाल तर तिथं एक ठरलेलं होतं, आणि ते दोघांनाही पक्कं माहीत होतं. लग्नानंतर तिनं बाहेरून बी.ए. केलं. मग तो म्हणाला, आधी माझं एम.ई. होऊ दे, मग तुझं बी.एड. बी.एड. झालं की ती दुसरीच्या वर्गावरून हायस्कुलात गेली असती. एम.ई. झालं. तिनं पनवेलच्या कॉलेजात अर्ज केला, आणि त्याच महिन्यात त्यानं संस्थेत अर्ज केला. दोघांपैकी एकाचा पगार चालू राहायलाच हवा होता, घराचे हप्ते होते. म्हणजे एका वेळी एकानंच नोकरी सोडायची, इतकं हे सरळ होतं. भांडण व्हायला हवं होतं. झालं असतं तर बरं, असं कमळाकरला अधूनमधून वाटायचं, कारण भांडणात माणसाला आपली बाजू तरी मांडता येते. पण सगुणा भांडली नाही. मेच्या मध्यावर तिचा नंबर लागला. बुधवारी जेवताना तिनं सांगितलं, नंबर लागलाय, शनिवारपर्यंत कागद न्यायचेत, काय करू? तो त्या वेळी चौथ्या सळईच्या तारेचा विचार करत होता. ती तार बाकीच्या तिघींपेक्षा बोटभर लांब भरत होती आणि त्यामुळं सगळं गणित कलंडत होतं. “हूं,” तो म्हणाला. “बघू.” तिनं त्याच्या ताटात भात वाढला, त्यानं मागितला नव्हता तरी. रविवारी डॉक्टर टिपणीस येणार होते, आणि रविवारच्या पलीकडे काही असतं हे त्या आठवड्यात कमळाकरला दिसतच नव्हतं.

डॉक्टर टिपणीस म्हणजे संस्थेतले प्राध्यापक. जागा एकच होती आणि उमेदवार बरेच, बहुतेक त्यांच्याच संस्थेत शिकलेले. मुलाखतीत त्यांनी कमळाकरला विचारलं, हे तुम्ही कागदावर केलंय का खरंच केलंय? खरंच केलंय, कमळाकर म्हणाला, आमच्या गच्चीवर आहे. बाकीचे तिघे परीक्षक हसले. टिपणीस हसले नाहीत. रविवारी येतो, म्हणाले. मग कमळाकरनं कारखान्याच्या मॅनेजरच्या हातापाया पडून त्या दुपारपुरती चाचणीची लहर, म्हणजे फ्रिक्वेन्सी, मागून घेतली आणि दोन सेट मागून घेतले. एक सेट वडिलांकडे घणसोलीत. त्यांनी खटका दाबून नुसतं बोलत राहायचं, काय वाटेल ते. दुसरा दत्तूकडे, तुर्भ्याला कारखान्याच्या पाण्याच्या टाकीवर. त्यानं सेटपुढं ट्रान्झिस्टर लावून ठेवायचा, गाणी, जाहिराती, जे लागेल ते. हा शत्रू. फळी घणसोलीकडे तोंड करून पक्की केलेली. स्पीकरवर आधी दोन्हींचा काला ऐकू येईल, मग खोक्याचं बटण दाबलं की तुर्भे हळूहळू बुडेल आणि देवजी तेवढे वर राहतील. बुधवारनंतर ती तार कापून सारखी केल्यावर शुक्रवारी हे दोनदा जमलं होतं. शनिवारी त्यानं मुद्दाम हात लावला नाही. चांगलं चाललेल्या गोष्टीला हात लावू नये एवढं तो सोसायटीच्या अँटेनांवरून शिकला होता.

रविवारी काय झालं ते अगदी साधं आहे आणि म्हणूनच त्याला कितीतरी वर्षं ते आठवलं की कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. टिपणीस आले ते बसनं, पांढरी कापडी टोपी घालून. कमळाकरला वाटलं होतं की गुपचूप वर न्यावं. पण फाटकाशी भगवानराव सफारी घालून उभे. त्यांनी सरांना हार घातला. पहिल्या मजल्यावर पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या मजल्यावर मालतीबाईंनी दार उघडंच ठेवलं होतं, पोहे तयार होते. नको म्हटलं तर राग, आणि घेतले तर बशी रिकामी होईपर्यंत त्यांच्या भाच्याला त्या संस्थेत कसं चिकटवता येईल ही चौकशी. सर एकेक घास चावून चावून खात होते. कमळाकर दारात उभा, एक पाय जिन्यावर. त्याला वाटलं, ही माणसं आपल्याला खाऊन टाकणार आहेत, कुठल्याही वाईट हेतूशिवाय, पोह्यांसारखी, वर लिंबू पिळून. वर गेल्यावर बघतो तर गच्ची झाडून, पाणी मारून लखलखीत केलेली. वाळवणं काढलेली. सळ्या कुणीतरी पुसलेल्या. फळीला नवी नायलॉनची दोरी. बरं वाटलं त्याला क्षणभर. लोक काळजी घेतात. फळीकडे त्यानं बघितलंही, पण माणूस रोजच्या वस्तूकडे बघतो तसं, आहे ना, आहे, आणि उन्हात डोळे दिपलेले, पाठीमागं भगवानराव, मालतीबाई, त्यांचे यजमान, चहाचा ट्रे घेऊन सगुणा, आणि सरांचं ‘हं, करा सुरू.’

त्यानं स्पीकर लावला. काला आला, बरोबर. देवजींचा आवाज आणि त्यावर कुठल्याशा साबणाची जाहिरात. “नामाच्या पोरानी प्लॉट इकला,” देवजी सांगत होते, “इकला नी मोटारसायकल घेतली. आता मोटारसायकल लावाला जागा नाय.” सर हसले. कमळाकरला धीर आला. ‘आता बघा सर,’ म्हणून त्यानं बटण दाबलं. आणि देवजी बुडायला लागले. आधी त्यांच्या शब्दांची टोकं गेली, मग मधले शब्द, मग नुसती घरघर राहिली, विहिरीच्या तळातून कुणी बोलत असावं तशी. आणि साबणाची जाहिरात अशी स्वच्छ, अशी ठसठशीत वर आली की मालतीबाई म्हणाल्या, वा, काय क्लिअर आलंय. त्यानं बटण बंद केलं. देवजी परत आले. पुन्हा दाबलं. पुन्हा गेले. तारा तपासल्या. दुसरी, चौथी. घाम डोळ्यांत. खोक्याचं झाकण काढलं, लावलं. मागून भगवानराव हळूच विचारत होते, की सर, हे रंगीतलाही चालेल का. आणि कमळाकरच्या डोक्यात एकदम सगळीकडून आवाज सुरू झाले, तीन दोन एक, होतं तिथं न्या, आणखी एक हाक येऊ दे, मुलाखतीतल्या त्या तिघांचं हसू, स्टूल, ते स्टूल, उद्या सकाळी सातची पाळी आणि दत्तू विचारणार काय झालं रे. त्यानं वर बघितलं तर समोर सगुणा ट्रे घेऊन उभी, आणि तिचा चेहरा त्याच्याहून पांढरा पडलेला. त्याला त्या चेहऱ्याचाच वैताग आला. नापास मी होतोय, हिला कशाला एवढं?

टिपणीस टोपी काढून फळीकडे बघत होते, मग घणसोलीच्या बाजूला, मग खाडीकडे, मग पुन्हा फळीकडे. शेवटी त्यांनी विचारलं, ही फळी नेहमी अशीच असते का?

तेव्हा कमळाकरनं बघितलं. फळीचं तोंड मुंबईकडे होतं. घणसोली एका टोकाला पडली होती, आणि तुर्भे बरोब्बर पाठीशी.

“मीच केली ती नीट,” भगवानराव म्हणाले. कौतुकाच्या अपेक्षेनं थोडे पुढं आले. “सकाळी पाणी मारायला आलो तर बघतो, सगळे मुंबईकडे आणि तुमची एकट्याची घणसोलीकडे. म्हटलं, धावपळीत राहिलं असेल. सर यायचे, बरं दिसत नाही.”

इतक्या वर्षांचं एकदम आलं. कमळाकर ओरडला नाही, पण जे बोलला ते हळू बोलला म्हणून जास्त लागलं. “तुम्हाला कुणी सांगितलं होतं? मंत्रालयात फायली फिरवता तेवढ्या फिरवा. कळत नाही तिथं हात घालायची ही खोड आहे तुम्हा लोकांची.”

‘तुम्हा लोकांची’ हे त्याच्या तोंडातून कसं आलं ते त्यालाही कळलं नाही. म्हणायचं होतं सोसायटीची, टीव्हीवाल्यांची. पण भगवानरावांनी ते सोसायटीचं म्हणून घेतलं नाही. आयुष्यात त्यांनी ते शब्द कुठं कुठं ऐकले होते ते त्यांच्या चेहऱ्यावरून एका क्षणात सरकून गेलं. त्यांनी सफारीच्या खिशातलं पेन उगाच नीट केलं. मालतीबाई स्लॅबकडे बघू लागल्या. म्हणायचं होतं ते दुरुस्त करायला एक वाक्य पुरलं असतं, आणि कमळाकरनं ते नंतर म्हणू असं ठरवलं, सर गेल्यावर.

सरांनी हे ऐकलं का नाही कोण जाणे. ते गुडघ्यावर बसून फळीखालून बघत होते आणि त्यांचा चेहरा पोरासारखा झाला होता. म्हणाले, अहो, यात बिघाड काहीच नाही. “हे यंत्र फार हुशारीनं चुकतंय. तुम्ही त्याला सांगितलंय, आपलं माणूस समोर आहे. या सळ्यांना पाठ आणि पोट सारखंच. म्हणजे त्याच्या लेखी आता तुर्भेच आपलं माणूस. मग उरला तो शत्रू. आणि तुमचे वडील मोठ्यानं बोलतात, म्हणजे मोठा शत्रू.” ते उठले, हात झटकले. म्हणाले, मुळात जे घेऊन तुम्ही आला होतात ते ठीक होतं, पण तसं चार ठिकाणी चाललंय. त्यावर जागा देता आली नसती, मी नाही म्हणायलाच आलो होतो. पण हे निराळं आहे. आपलं माणूस कुठं आहे याचा आपलाच अंदाज चुकला, थोडासा, फळीचं एक टोक सरकलं इतकाच, तर यंत्र नेमकं त्यालाच मारतं. मग यंत्रानं काय करावं? यावर करा प्रबंध. आणि भगवानरावांकडे वळून ते मनापासून म्हणाले, तुमचे आभार मानले पाहिजेत यांनी.

भगवानराव म्हणाले, नाही नाही, आम्हाला कुठं कळतं.

जागा मिळाली होती. कमळाकरला ते पोटात कळलं, डोक्यात अजून यायचं होतं. आधी यंत्र खरं ठरवून दाखवायचं म्हणून तो दोरी सोडायला धावला, गाठ सुटेना, भगवानरावांनी चांगली आवळलेली; त्यानं ती दातानं सोडवली. फळी घणसोलीकडे केली. बटण दाबलं. साबण, तेल, बातम्यांची घंटा, सगळं तुर्भे पाण्यात ढेकूळ विरावं तसं विरत गेलं, आणि देवजी आले. इतके स्पष्ट, की खुर्ची करकरली तेही कळलं. शेजारी बसून बोलताना ते कधी इतके जवळ वाटले नव्हते. सर म्हणाले, वा. मालतीबाईही पुढं सरकल्या. आणि देवजींना काय माहीत की पलीकडं एवढी माणसं उभी आहेत. त्यांना सांगितलेलं, काय वाटेल ते बोला.

“…बेस्तरवारी सगुना आल्ती,” देवजी म्हणाले. “भाकऱ्या थापल्या, बसली. बोलली, बाबा, मी बीएडचा नंबर सोडला. मी बोललो, का गं? बोलली, त्यांचं होईल ना आता. मी बोललो, कमळ्याला सांगितलंस? बोलली, सांगितलं, ते हूं बोलले.” स्पीकरमधून खोकला आला. “आता मना सांग कमळ्या, ह्ये हूं म्हंजे काय रं? हो का नाय? तुजी आय बी इचारायची मना, ह्यो हूं बोलतो म्हंजे येतो का नाय जेवाला. आयकतंस का?”

खोक्यातून उलट बोलायची सोयच नव्हती. तशी त्यानं ठेवलीच नव्हती, ऐकायचंच तर होतं. हात खटक्यावर ठेवून आवाज बंद करता आला असता, पण सर ऐकत होते, आवाजाची प्रत ऐकत होते, डोळे मिटून, शब्दांशी त्यांना देणंघेणं नसावं. सगुणा चहाचे कप सरळ करत होती. ते सरळच होते. आता त्याला तो पांढरा चेहरा कळला. मघाशी ती त्याचं नापास होणं बघत नव्हती. गुरुवारी स्वतःचं जे सोडून आली होती ते फुकट जाताना बघत होती. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे कमळाकरला अपराधी वाटायच्या आधी राग आला. मला नीट का नाही सांगितलं, दोनदा का नाही, हात धरून का नाही, फोडणी देताना कशाला, जेवताना कशाला. त्या रागात तो जरा वेळ ऐटीत उभा राहिला. मग तो राग कुणावर टाकावा ते सापडेना.

टिपणिसांनी डोळे उघडले. म्हणाले, पहिल्या जुलैला रुजू व्हावं लागेल, कारखान्याचा राजीनामा आणि वसतिगृहात मुक्काम, सुरुवातीची दोन वर्षं तरी. घरी अडचण नाही ना? त्यांनी हे सगुणाकडे बघून विचारलं. जुन्या वळणाचे होते.

सगुणा कमळाकरकडे बघत राहिली. ही वेळ त्याच्या बोलायची होती. यादीची मुदत काल संपली असली तरी पनवेल काही लांब नव्हतं. सोमवारी कॉलेजात जाऊन विनवता आलं असतं, सरांना सांगता आलं असतं की सर, पुढच्या वर्षी येतो, जागा ठेवा, आणि टिपणिसांसारखा माणूस कदाचित थांबलाही असता. हे सगळं त्याला दिसलं, त्याच क्षणी दिसलं, नंतर सुचलं असं म्हणायची त्याला सोय राहिली नाही. स्पीकरमधून देवजी पुन्हा विचारत होते, आयकतंस का.

“अडचण नाही, सर,” कमळाकर म्हणाला.

“चहा निवेल,” सगुणा म्हणाली, आणि ट्रे आधी भगवानरावांपुढं धरला.

तर ज्यानं त्यानं याची काय किंमत भरली ते असं. दत्तूचा रविवार गेला आणि उन्हानं त्याचं डोकं दोन दिवस धरलं. भगवानरावांनी सोसायटीचं सेक्रेटरीपद महिन्याभरात सोडलं, कारण प्रकृतीचं दिलं. जिन्यात भेटले की ‘डॉक्टरसाहेब’ म्हणायचे, डॉक्टर व्हायला चार वर्षं होती तरी, आणि म्हणताना हसायचे नाहीत. ते एक वाक्य म्हणायचं राहूनच गेलं. मालतीबाईंच्या टीव्हीत मुंग्या आल्या त्या त्या पावसाळाभर राहिल्या. सगुणाची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला मिळाली आणि सगुणा दुसरीच्या वर्गावर राहिली, ती कायमची. देवजींना, झालं, आता थांबा, असं सांगायला जायचं कुणालाच सुचलं नाही; ते सेटमधली वीज संपेपर्यंत घणसोलीच्या गच्चीवर एकटे बोलत बसले होते, आणि संपली हे त्यांना कळायला मार्ग नव्हता म्हणून त्यानंतरही बोलत होते. कमळाकरच्या नावावर काय पडलं ते त्यानं पुढं बऱ्याचदा प्रामाणिकपणे शोधून पाहिलं. तिथं काही निघालं नाही.